हौदातल्या मातीचा लेप

"हे घे. आणि आबांना कळलं, तर मी तुला वळखत न्हाई," असं म्हणून दादानं मागच्या दारातून ॲल्युमिनियमचा डबा माझ्या हातात कोंबला आणि ओला लंगोट खांद्यावर टाकून न्हाणीकडं पळाला.

डबा चांगला जड होता. झाकण काढलं तर आत तांबडीलाल माती, मऊ, जराशी ओलसर. हळद, आंबूस ताक, करडईचं तेल आणि कापूर असा सगळा मिळून एक वास नाकात शिरला. हा वास मी जन्मल्यापासून घेत होते. आबांच्या सदऱ्याला, दादाच्या केसांना, आमच्या घरातल्या प्रत्येक अंथरुणाला तो असायचा. पण ती माती माझ्या स्वतःच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा आली. वय वर्षं एकवीस!

माझे वडील, आबा, गावच्या तालमीचे वस्ताद. वारणेकाठचं आमचं गाव, आणि गावात आमच्या तालमीला मान देवळाएवढा. तालमीच्या मधोमध हौद, म्हणजे कुस्तीची माती भरलेला खड्डा. त्या मातीत वर्षातनं दोनदा ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालायचे आणि पोरांनी ती पायांनी तुडवायची. आत ब्रह्मचारी मारुती, म्हणून बाईमाणसानं मात्र तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही. आईनं लग्नानंतर चोवीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांसाठी थंडाई वाटली, पण हौद कसा दिसतो ते तिला ठाऊक नव्हतं.

तर मग मी ती माती चोरून कशाला मागवली? तोंडाला लावायला. हसू नका. सत्त्याऐंशी सालची गोष्ट आहे. माझं लग्न ठरलं होतं. आष्ट्याचे जयसिंग माने, प्राथमिक शाळेत मास्तर. मुलगी पसंत म्हणून निरोप आला, तेरा दिवसांवर साखरपुडा धरला, आणि काळजीनं म्हणा की उन्हानं म्हणा, माझ्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर मुरमांची जत्रा भरली. एक बसला की दोन उठायचे. आई म्हणायची, "बोटं लावू नगंस." पण बोटं ऐकतात होय?

माझी मैत्रीण कल्पना, शिंप्याची. तिच्या घरी शिलाईच्या गिऱ्हाइकांसाठी जुनी मासिकं असायची. त्यातलं वाचून ती म्हणाली, "मुलतानी माती लाव. ताकात कालवून. तेल शोषून घेती म्हणं."

मी वाण्याकडनं मुलतानी मातीचे खडे आणले, कुटले, वस्त्रगाळ केले, लावले. दोन दिवसांत कातडं ओढल्यागत झालं, मुरूम जागच्या जागी. मग माझं डोकं चाललं. पैलवानाच्या घरातलं डोकं ते, दुसरीकडं कुठं जाणार?

"कल्पे, आमच्या तालमीत पन्नास पोरं हायत. एकाच्या तोंडावर मुरूम दाखव."

ती विचारात पडली. "न्हाई बाई कुणाच्या."

"का न्हाई? रोज हौदात तोंड घासत्यात म्हणून. तुझ्या मासिकात ताक लिहिलंय, हळद लिहिलीय, लिंबू लिहिलंय. आमच्या हौदात ते सगळं मुरलेलं हाय. वर्षानुवर्षं!"

असं मी स्वतःला शहाणी ठरवलं. अर्धी मुलतानी, अर्धी हौदाची, त्यात गुलाबपाणी. सहा दिवस, रोज पहाटे गोठ्यामागं बसून लेप लावायचा आणि वाळला की धुवायचा. आणि काय सांगू, गुण आला! मुरूम बसले, गाल मऊ लागायला लागले. मी दिवसातनं वीस वेळा आरशापुढं. कल्पना म्हणाली, "अगं, हे बाटलीत भरून विकूया की आपण."

आज मी सांगलीत घरचे लेप आणि उटणी करून विकते, तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य सांगते, आधी कोपराच्या आत लावून बघा, तीन दिवस थांबा, मग तोंडाला लावा. बायकांना वाटतं मी फार शिकलेली आहे.

आठव्या दिवशी डाव्या गालावर मुगाएवढा तांबडा ठिपका उठला. खाजायला लागला. मी म्हटलं, राहिलेला मुरूम असेल. नवव्या दिवशी तो चार आण्याएवढा झाला, पण मुरमासारखा नाही. कडेनं लाल गोल कडं, त्यावर बारीक पुरळ, आणि मध्ये फिकट. दहाव्या दिवशी आठ आण्याएवढा. आईनं हळद लावली, आणखी भडकला. मी दादाला गोठ्यात गाठलं.

"दादा, बघ की हे."

दादा वैरण टाकत होता. त्यानं गालाकडं बघितलं आणि हातातली पेंडी तशीच खाली ठेवली. सर्जेराव पैलवान, तालुक्यात ज्याला बघून पोरं रस्ता सोडायची, त्याचं तोंड एवढंसं झालं.

"काय हाय हे? सांग की!"

"नायटा," तो हळूच म्हणाला. "गजकर्ण."

"मला कुठनं हुईल गजकर्ण?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि चड्डीचा काठ वर केला. मांडीच्या आतल्या बाजूला तळहाताएवढं तेच लाल कडं.

"दीड महिना झाला," तो म्हणाला. "लंगोटाखाली दडतंय म्हणून गप बसलो."

आबांचा तालमीत एक नियम होता, सगळ्या नियमांच्या वरचा. ज्याला नायटा, खरूज, काहीही उठलं, त्यानं स्वतः सांगायचं आणि पुरतं बरं होईपर्यंत हौदात पाय घालायचा नाही. लपवलं तर तालीम कायमची बंद. असं दोन पोरांना त्यांनी हाकललेलं मी स्वतः पाहिलं होतं, त्यातला एक तर चुलत्याचा मुलगा.

"दादा, मला आबांना सांगाय पायजे. त्याशिवाय औषध कसं आणणार?"

त्यानं माझे दोन्ही हात धरले. एवढा मोठा माणूस, पण रडायच्या बेताला आलेला. "विजू, चैताच्या जत्रंला माझी कुस्ती लावलीय. कोल्हापूरच्या पैलवानासंग, पयल्या नंबरची. कागद छापून झाल्यात, गावागावांत चिकटवल्यात. जन्मात एकदा येती असली कुस्ती. महिन्याचा प्रश्न हाय. तू पावडर लाव, साखरपुडा उरक, मग मी सोता तुला डॉक्टरकडं नेतो. आबांना सांगू नगंस. तुझ्या पाया पडतो."

आणि खरंच वाकला. मी त्याला धरलं, वर ओढलं. भाऊ होता माझा. लहानपणी मला खांद्यावर घेऊन अख्खी जत्रा फिरवलेला. मी शब्द दिला.

साखरपुड्याला दारात मांडव, साठ-सत्तर माणसं. तालमीची पोरं बुंदीची ताटं घेऊन धावत होती. जत्रा कमिटीचे अध्यक्ष आबांच्या शेजारी गादीवर बसलेले. मी हिरवं नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, आणि डाव्या गालावर पावडरीचा एवढा थर, की कल्पना म्हणाली, "विजे, तू एका बाजूनं नवरी आणि एका बाजूनं पिठाची गिरणी दिसतीयास."

"गप बस. पदर ओढ पुढं."

पाटावर बसवलं. नवऱ्याच्या घरच्या बायका हळदकुंकू लावायला पुढं झाल्या. सासूबाई गरीब, त्यांनी कपाळापुरतंच बघितलं. मागनं आल्या गोदाक्का, मास्तरांची आत्या. इरकली लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि नजर घारीची. त्यांनी कुंकू लावलं, हळद लावायला गालाला बोट लावलं, आणि बोटाला पावडरीचा थर आला. त्यांनी बोट बघितलं. मग पदराचं टोक घेतलं आणि माझा गाल पुसून काढला, सरळ.

"हे काय गं पोरी?"

मी मान खाली घातली.

"वर बघ. हे काय हाय? कधीपास्नं हाय?"

"उष्णतेचं हाय," आई मधे पडली. "चार दिवसांत जाईल."

"उष्णता?" गोदाक्का मागं वळून मोठ्यानं बोलल्या, मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. "वत्सला, हिकडं ये. बघ तुझ्या सुनंला. मधी पांढरं पडत चाललंय. कोड म्हनू का काय म्हनू? पोरगी दाखवली तवा न्हवतं हे. आनि आज पावडर थापून बसवलीय. रक्तात दोष असंल तर सांगायचं हुतं की आधी!"

सनई वाजायची थांबली. वाढणारी पोरं ताटं घेऊन जिथल्या तिथं उभी राहिली. मला एवढंच आठवतं, की माझ्या हातावर मेंदी होती आणि ती मी बघत होते. एका वाक्यात मी सुटले असते. 'तालमीची माती लावली' म्हणायचं, की झालं. पण ते म्हटलं की तालमीत नायटा आहे हे आलं, आणि नायटा कुणाला, हा प्रश्न आला. समोर खांबाला टेकून दादा उभा होता, हातात बुंदीचं ताट. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"बोल की पोरी," गोदाक्का म्हणाल्या. "मुकी हाईस?"

मास्तरांचे काका उठले आणि आबांना म्हणाले, "पाव्हणं, राग नगा धरू. पण आज हे थांबवूया. वैद्याला दाखवा, मग बघू पुढचं पुढं." म्हणजे काय, हे मांडवातल्या लहान पोरालाही कळत होतं. असं थांबलेलं लग्न पुढं होत नसतं. आणि पंचक्रोशीत 'रक्तात दोष' असं नाव पडलं की दुसरं स्थळही येत नसतं.

आबा गादीवरनं उठले. बायकांच्या बाजूला ते कधी यायचे नाहीत. त्या दिवशी आले, चपला काढून, आणि माझ्यापुढं उकिडवे बसले. आमच्या घरात बापानं वयात आलेल्या पोरीच्या तोंडाकडं निरखून बघायची पद्धत नव्हती. बोलणं व्हायचं ते आईमार्फत. त्यांनी माझ्या हनुवटीला हात घातला. हाताला एवढे घट्टे, की मला ते टोचले. गाल उजेडाकडं केला. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा कळलं, यांना बघताक्षणी कळलंय. तीस वर्षं वस्तादकी केलेला माणूस तो.

"विजू," ते हळू म्हणाले. "तोंडाला काय लावत हुतीस?"

मी चोरून खांबाकडं बघितलं.

"पोरी, मी रागावत न्हाई. काय लावलंस?"

आबा मला 'पोरी' म्हणाल्याचं मला आठवतच नव्हतं. माझा बांध फुटला. "माती," मी म्हणाले. "हौदाची. मुरूम जावं म्हणून."

बायकांत कुजबूज झाली. हौदाची माती, बाईच्या तोंडाला! कुणी तरी "अगं बया" म्हणालं. आई माझ्यामागं बसली होती. ती आबांना अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "अवो, घरात चला. मी सांगते त्यास्नी, औषधानं भाजलं म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. तालमीचं नाव हाय." तिचंही चुकलं नव्हतं. मुलीला भाजलं म्हटलं तर मुलगी वाचण्याची थोडी आशा, आणि तालीमही वाचते.

आबा उठून उभे राहिले. कमरेवर हात ठेवले, कुस्ती लावताना ठेवायचे तसे.

"गोदाक्का," ते म्हणाले. "कोड न्हाई हे. नायटा हाय. माझ्या हौदातनं आलाय."

जत्रा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "वस्ताद, सांभाळून बोला."

"सांभाळूनच बोलतोय. होळीच्या आधी मातीत ताक-हळद घालायची असती. औंदा साखरपुड्याच्या गडबडीत मी फुडं ढकललं. आनि कुणीतरी नायटा घिऊन माझ्या हौदात उतरलाय, ते बी मला दिसलं न्हाई. म्हंजे चूक वस्तादाची. माझ्या पोरीचं रक्त सोच्छ हाय. माती नासलीय. माझी माती नासलीय, म्या तोंडानं सांगतोय."

आमच्याकडं हौदाच्या मातीला आई म्हणतात. ती नासली असं वस्तादानं म्हणणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला कसं सांगू? पुजाऱ्यानं देव बाटला म्हणून सांगितल्यागत. मांडवातले दोन म्हातारे पैलवान टोप्या उचलून सरळ चालायलाच लागले. आबा त्यांच्याकडं बघतही नव्हते. ते तालमीच्या पोरांकडं वळले.

"आजपास्नं तालीम बंद. हौद उपसायचा. समदी पोरं डॉक्टरला दाखवायची. बरं झाल्याबिगर कुणी मातीत पाय घालायचा न्हाई, कुणी कुस्ती धरायची न्हाई." मग ते अध्यक्षांकडं वळले. "जत्रंची बी न्हाई."

"वस्ताद!" अध्यक्ष ओरडले. "अवो, कागद लागल्यात सर्जेरावाच्या नावाचं!"

"उतरवा."

तेवढ्यात दादाच्या हातातलं ताट खाली पडलं. पडलं की त्यानं टाकलं, मला माहीत नाही. बुंदी सगळ्या मांडवभर झाली. तो आबांच्या समोर आला आणि म्हणाला, "मला हाय. दीड महिना झाला. मातीबी तिला म्याच दिली." बोलून झाल्यावर तो मार खायला उभा राहतात तसा उभा राहिला.

आबांनी त्याला मारलं नाही. नुसतं म्हणाले, "घरात जा."

एवढं झाल्यावर तरी सगळं गोड व्हावं की नाही? नाही झालं. गोदाक्का म्हणाल्या, "नायटा तर नायटा, लपवलं हे खरं न्हवं?" मास्तर मागनं काहीतरी बोलायला गेले, "आत्या, शाळंत निम्म्या पोरांना असतंय ते, मला सोतालाबी झालं हुतं," पण काकांनी त्यांना दंडाला धरून बसवलं. साखरेचा पुडा न देता पाहुणे निघाले. विचार करून कळवतो म्हणाले. तीन आठवडे काही कळवलं नाही.

ते तीन आठवडे मला आजही नको वाटतात. तपासणीत आणखी चार पोरांना नायटा निघाला. गावात पोरं गाणं म्हणायची, 'वस्तादाच्या तालमीला नायटा झाला'. चैताची जत्रा झाली. दादाच्या जागी पलीकडच्या गावचा पैलवान उभा केला, तो चितपट झाला, पण त्याचं नाव झालं. दादा दिवसभर परसात पाठ करून बसला होता. मी ताट घेऊन गेले तर म्हणाला, "तुझ्या एका थोबाडापायी, विजे." मी ताट ठेवून परत आले. पुढं दोन वर्षांनी त्याला एक मोठी कुस्ती मिळाली, ती तो हरला. आज त्याला नातवंडं आहेत, माझ्यावर जीव आहे त्याचा, पण त्या जत्रेचा विषय आम्ही दोघांनी अजून काढलेला नाही.

माझा नायटा डॉक्टरच्या मलमानं पोरांच्या आधी गेला. जुनी माती गाडीगाडीनं उपसून माळावर टाकली, हौद चुन्यानं धुतला. टेकडीखालची नवी माती आणून तालमीच्या दारात ओतली. आणि मग अडचण उभी राहिली. नवी माती चाळायची, कालवायची, तुडवायची कुणी? पोरांना डॉक्टरनं अजून महिना सांगितलेला. आबांना काही झालं नव्हतं, पण त्यांचं म्हणणं, जुन्या हौदात उतरलेला एकही पाय, एकही हात नव्या मातीला लागायचा नाही. स्वतःचासुद्धा.

एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "ऐकलंस का," ते आईला म्हणाले, "तू आनि विजू, पाय धुऊन तालमीत या."

आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "बायकांनी? हौदात?"

"मग काय बाजारातनं माणसं आणू? ह्या गावात हौदात न उतरलेलं पाय बायकांचंच हायत."

"आनि मारुती?"

"मारुतीला म्या इचारलंय," आबा म्हणाले. काय विचारलं आणि तो काय म्हणाला, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तर आम्ही उतरलो. आई, मी आणि कल्पना. आईनं उंबऱ्याला तीनदा हात लावला, मग एकदम पदर खोचून आत गेली आणि म्हणाली, "एवढंच हाय व्हय? मला वाटलं, केवढं असंल!" गावातल्या घराघरांतनं ताकाच्या घागरी आल्या. सगळ्या नाही, पण आल्या. आबा काठावर उभे राहून सांगायचे, "टाच दाब. टाच. नाचाय आली न्हाईस. तेल आता. हळद सगळीकडं पसर, लेकी, एका जाग्याला ढीग नगं." दुपारपर्यंत आम्ही गुडघ्यापर्यंत लालपिवळ्या झालो होतो.

दारात सायकलची घंटा वाजली. बघते तर जयसिंग मास्तर. एकटेच. पांढरा पायजमा, घामानं भिजलेला सदरा. मी हौदात, पातळ वर खोचलेलं, हात कोपरापर्यंत मातीत. पळायला जागा नाही. कल्पना हसून हसून खाली बसली.

आबांनी त्यांना आपादमस्तक बघितलं. "हौदात कधी उतरलायसा?"

"न्हाई. मी कबड्डी खेळतो."

"नायटा?"

"चौथीत असताना. गेला."

"मग हात धुवा आनि बसा. लिंबं पिळायची हायत, दोनशे. आमच्या बायका गुतल्यात."

मास्तर बसले. जावई होणार की नाही होणार, कुणालाच माहीत नाही, आणि माणूस उंबऱ्याशी मांडी घालून लिंबं पिळतोय. बोटाला कुठं कापलं होतं बहुतेक, दर लिंबाला दात आवळायचे. पन्नासेक लिंबं झाली असतील. मग खालच्या मानेनंच म्हणाले, "घरी बोललो मी. आई व्हय म्हणाली. काकाबी म्हणाले. आत्या लग्नाला येणार न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "विजू, तुला इचारतायत ते."

मला! आजवर त्या लग्नाबद्दल मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आत्या न्हाई आल्या तर न्हाई. पण तुम्ही त्या दिवशी काकांनी बसवल्यावर बसलासा."

मास्तरांचे कान लाल झाले. "व्हय," ते म्हणाले. "चुकलं माझं. आज कुणाला न सांगता आलोय."

"मग पिळा राहिलेली," मी म्हणाले. आई "अगं अगं" करायला लागली, पण आबा मोठ्यानं हसले. महिनाभरानं हसले.

दोनशे लिंबं झाली, रस मातीत गेला, पुन्हा तुडवलं. उन्हं कलताना आबा म्हणाले, "आण बघू हिकडं." मी ओंजळभर माती घेऊन काठाशी गेले. त्यांनी हात पाठीमागं बांधून घेतले, मातीला चुकून लागू नयेत म्हणून, आणि वाकून माझ्या ओंजळीत नाक घातलं. बराच वेळ वास घेतला. माझ्या लक्षात आलं, की ते नुसता वास घेत नव्हते, मातीला नमस्कार करत होते. माझ्या हातांतल्या, मी पायांनी तुडवलेल्या मातीला.

मान वर केली तेव्हा डोळे ओले होते. कुणाच्याही देखत, लपवले नाहीत.

"चांगली झालीया," ते म्हणाले. "पैलवान पैल्यांदा अंगाला लावतो, मग उतरतो. औंदाचा पैला मान तुझा. लाव पोरी तोंडाला."

"आबा, नको," मी म्हणाले. "पुन्हा काय झालं तर?"

"काय होत न्हाई. म्या हाय की हितं."

मी डाव्या गालाला माती लावली. मला रडू आवरत नव्हतं, आणि डोळे पुसायला हात काही रिकामे नव्हते.